लिंबोणीवरची नागवाट

नागपंचमीला शकुबाईने लिंबोणीची फांदी मोडली, हे खरंच. रझाकारांच्या धामधुमीआधीची, औंढ्याजवळच्या एका खेड्यातली ही गोष्ट. वारूळ पुजायला निघाली असताना पदर काट्यात अडकला आणि तिने फांदीच कडाकड मोडून टाकली. त्या दिवशी तिकडे बाया भाजीही चिरत नाहीत. नागाला इजा होते म्हणे. मागून सासू, सखुबाई येत होती. तिने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

मोडल्या जागी नवती, कोवळी पालवी फुटली, आणि तिच्याच पानांवर चांदीसारखी वळणावळणाची वाट उमटली. मग ती वाट लिंबोणीच्या बागभर पसरली. पानं आकसू लागली.

"नाग फिरून राहिला पानापानावर," सखुबाई म्हणाली. "गोदूच्या टायमाला अस्संच झालतं."

गोदू ही किसनरावाची पहिली बायको. तिने पंचमीला चुलीसाठी माती खणली होती. पानांवर अशाच वाटा उठल्या आणि सखुबाईने तिला माहेरी घालवलं. नागाचा कोप झालेली बाई म्हणून तिथे कुणी तिला पाण्याच्या भांड्याला शिवू देईना. शेवटी ती विहिरीत सापडली.

"पोळा झाला की दुसऱ्या दिशी, करीला, हिलाबी धाड, किसन," सासूने फर्मावलं. किसनराव पहाडासारखा गडी, पण आईपुढे मांजर.

शकुबाईचं माहेर कळमनुरीकडे, तिथे भाऊ-भावजय. गोदूचं जे झालं तेच आपलं होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. भीतीपोटीच तिने एक पान उचललं आणि नखाने त्यावरचा चंदेरी पापुद्रा सोलला. आत पिवळट, दोऱ्याहून बारीक अळी वळवळत होती. एवढासा नाग! शकुबाई एकटीच खुदकन हसली आणि लगेच रडली.

मग तिने पानं निरखायचा ध्यासच घेतला. अळी फक्त कोवळ्या पानात शिरते, निबर पानाला तोंड लावत नाही. फांदी मोडली तिथे कोवळी पानं आधी आली, म्हणून वाटही तिथेच आधी उठली. तिने एक डहाळी तांब्यातल्या पाण्यात ठेवली, वर कंदिलाची जुनी काच घातली आणि काचेच्या तोंडाला फडकं बांधलं. अळी पानाच्या कडेला आली, कड स्वतःवर दुमडून घेतली आणि निपचित झाली.

पोळ्याच्या सकाळी काचेत पाखरू बसलेलं होतं. तिळाहूनही लहान, चंदेरी, पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. अशीच पाखरं तिने पहाटे बागेत कोवळ्या पानांवर बसलेली पाहिली होती. ठिपकाही तोच. तिने नवऱ्याला हाक मारली.

"ह्यो बघा तुमचा नाग! हे पाखरू पानावर अंडं घालतंय, अन् अळी आतून पोखरतीय."

किसनराव बैलांची शिंगं रंगवायची सोडून बागेत गेला. पान सोललं की अळी. शेजारच्या ग्यानबाने तर काहीच मोडलं नव्हतं. त्याच्या लिंबोणीतही तेच. किसनराव माघारी शकुबाईकडे आला.

"बराबर हाय तुझं," तो म्हणाला. शकुबाईला वाटलं, सुटले.

"म्हंजी गोदूनंबी काई केलं न्हवतं."

हे शकुबाईच्या ध्यानीमनी नव्हतं. "न्हाई," ती हळूच म्हणाली.

त्याने तांब्यासकट काच नेऊन आईपुढे ठेवली, सगळं सांगितलं. सखुबाई काही खुळी नव्हती. तिने पाखराकडे पाहिलं, लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग फडकं सोडलं, आत हात घातला आणि अंगठ्याने पाखरू चिरडलं.

"काई न्हाई यात," ती म्हणाली आणि अंगठा लुगड्याला पुसला.

करीला किसनरावाने गाडी जुंपली. शकुबाईला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"तुमाला तर पटलं व्हतं! मग काहून?"

"पटलं म्हणूनच," तो बैलांकडे बघत म्हणाला. "तू समोर आलीस की मला गोदूची ती हीर दिसतीय. तुझ्यासंगं मला न्हाई ऱ्हायला जमनार."

त्याने तिचं गाठोडं गाडीत ठेवलं. सखुबाईने रीतीप्रमाणे तिला कुंकू लावलं. गाडी कळमनुरीच्या रस्त्याला लागली.