निळ्या पाण्याचा गुण

ताईच्या गोठ्यापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. गावात आलेल्या मांत्रिक बाबांनी निळ्याशार पाण्याच्या बादलीत लोखंडी विळा बुडवला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि विळा वर काढला. पातं तांबडंलाल!

"बघा, करणी रक्त ओकतेय!" बाबा गरजले. "रक्त विळ्यावर, गुण जनावरावर!"

लोकांनी हात जोडले. जोडणारच, कारण ताईची गाय खरोखर सुधारली होती. आधी तिच्या डोळ्यांभोवतीचे काळे केस विटून भुरे झाले होते, दूध आटलं होतं. मी गुरांचा डॉक्टर. "चाऱ्यात तांबं कमी पडतंय, खनिज मिश्रण दे," असं ताईला सांगून थकलो. पण पिकतं तिथं विकत नाही. तिनं बाबांचं पाणी पाजलं, आणि केस पुन्हा काळे झाले.

"ताई, त्या पाण्यात काय असतं ते तरी विचार."

"गुण आलाय ना? मग तोंड मीट."

मग मला न सांगता तिनं तेच पाणी मेंढ्यांनाही सुरू केलं. तिचं घर त्या मेंढ्यांवर चालायचं.

एका सकाळी ती धावत आली. "अरे, चल लवकर. मेंढ्या उठतच नाहीत!"

काही मरून पडल्या होत्या. उरलेल्यांचे डोळे पिवळे झाले होते, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. मेलेली एक मेंढी मी तिथंच उघडली. मूत्रपिंडं काळी पडली होती.

बाबाही आले. म्हणाले, "मेंढ्यांची श्रद्धा कमी पडली."

मी शेजाऱ्याकडून फवारणीचा मोरचूद मागवला, पाण्यात विरघळवला आणि सगळ्यांसमोर त्यात विळा बुडवला. पातं तसंच लाल झालं.

"हेच करणीचं रक्त! मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं. गाईला तांबं कमी होतं, म्हणून गुण आला. मेंढीला ते फार थोडं सोसतं. बाकीचं यकृतात साठत जातं आणि एक दिवस एकदम रक्तात उतरतं."

बाबांनी काढता पाय घेतला. ताई खाली बसली.

"म्हणजे मीच मारलं रे यांना?"

"तुला फसवलं, ताई," मी म्हणालो. पण पाजणारे हात तिचेच होते, हे दोघांनाही कळत होतं. संध्याकाळपर्यंत कळप संपला.

गाईसाठी मी खनिज मिश्रणाची पिशवी पुढे केली. तिनं ती घेतली नाही.

"आधी सांग, यात काय आहे? किती द्यायचं? आणि कुणाला द्यायचं नाही?"

चमत्कार दाखवणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारा. ताईनं विचारलं तेव्हा मेंढवाडा रिकामा होता. तुम्ही आधी विचारा.