आधी हात, मग बोलणं

राजलक्ष्मीच्या वर्गात एकच कायदा होता. आधी मिसच्या हाताला हात लावायचा, मिसनं आपल्याकडे पाहिलं की मगच तोंड उघडायचं. बेंगळूरमधल्या जे. पी. नगरच्या त्या शाळेत मतिमंद म्हणून घातलेली अकरा मुलं तिच्याकडे होती, आणि अकराही जणांच्या अंगी हा कायदा बाणवायला तिची दोन वर्षं गेली होती. बाकीच्या वर्गांत बाजार भरलेला असे. हिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी तर मुख्याध्यापिका शारदाबाईंना विचारलं होतं, या बाईंनी काय जादू केली म्हणून.

जादू कसली नि काय. बाईंना टाचणीच काय, पातेलं पडलेलंही ऐकू येत नव्हतं. डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघाला. समोरच्याचे ओठ दिसले तर तिचं निभायचं, म्हणून तो कायदा. डॉक्टरांनी वायरचं, पेटीवालं यंत्र घ्यायला सांगितलं होतं. ते पदराआडही लपलं नसतं, तेव्हा ते घ्यायचं राहूनच जात होतं. एकदा कळलं की शाळा आपल्याला ठेवणार नाही, ही भीती तिला सकाळी डोळे उघडल्याबरोबर भेटायची. तिच्याहून मोठी दुसरी एक होती, ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आपल्या पाठीमागे एखादं पोर संकटात हाक मारेल, आणि आपण आपल्या फळ्यावर आंब्याचं झाड काढत उभ्या असू.

शहाण्णव सालच्या जुलैतल्या एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत डबे वाटायच्या आधी तिनं डोकी मोजली. दहा भरली. पुन्हा मोजली, पुन्हा दहा. रक्षिता नव्हती.

रक्षिता दहा वर्षांची. चिकपेटेत बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या रम्याची एकुलती एक मुलगी. राजलक्ष्मीही तिच्यासारखीच बेंगळूरच्या जुन्या मराठी घरातली, म्हणून रम्या तिला अक्का म्हणायची आणि पोर तिच्या हवाली करून निर्धास्त राहायची.

"आत्ता हितंच होती की," आया सकवारबाई म्हणाली. "चटया ठेवून आली ना ती? चटयांच्या खोलीला मीच कडी घातली."

शाळेचं फाटक भाजीच्या टेंपोसाठी सताड उघडं होतं. शेजारी कुणाचं तरी घर उठत होतं. त्याच्या पायाचा खड्डा पंधरा दिवसांच्या पावसानं काठोकाठ भरला होता. राजलक्ष्मी तिकडे धावली. पायातली चप्पल कुठं निसटली ते तिला कळलं नाही.

मग सगळी शाळा शोधायला लागली. राखणदारानं बांबूनं खड्डा ढवळला. कुणी गच्चीवर गेलं, कुणी रस्त्यावर. सकवारबाईनं बाथरूमशी, चटयांच्या दाराशी, जिन्याखाली हाका मारल्या. राजलक्ष्मीला चहूकडे नुसती उघडी तोंडं दिसत होती. रक्षिताचं नाव ती सगळ्यांच्या ओठांवर वाचत होती, आणि कुठून उत्तर आलं का, हे कळायला पुन्हा त्यांच्याच चेहऱ्यांकडे बघत होती. कुणाचाही चेहरा हलला नाही. तिनं हाक मारली असणार, मला ऐकू आली नाही आणि आता उशीर झाला, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. त्या गढूळ पाण्यातून बांबू वर येई तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची, आणि मिटले की तिला काहीच कळायचं नाही, म्हणून लगेच उघडायची.

तासाभरानं ऑटोतून रम्या उतरली. तिच्या हातात दुकानातली कापडी पिशवी तशीच होती.

"अक्का, कुठं आहे ती? तुमच्याजवळच असते ना ती?"

तेवढ्यात राजलक्ष्मीच्या बोटांना काहीतरी लागलं. वर्गातला सगळ्यात लहान बिंदुमाधव हात धरून उभा होता. ती बघेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मिस, भूक."

डबे उघडायचे राहिलेच होते. दहा पोरं तासभर उपाशी बसली होती, आणि एकानं ब्र काढला नव्हता.

हात लावायला मिस समोर नसेल तर पोर तोंड उघडणारच नाही, आणि चटयांच्या खोलीला कडी आहे, हे राजलक्ष्मीच्या एकदम ध्यानात आलं. रम्याला तिथंच सोडून ती वर्गाकडे धावत सुटली आणि मागच्या चटयांच्या खोलीची कडी काढली.

अंधारात, चटयांच्या ढिगावर रक्षिता बसली होती. फ्रॉक ओला झाला होता. खालचा ओठ दातांत इतका घट्ट धरलेला की रक्त आलं होतं. ती उठली, राजलक्ष्मीजवळ आली, तिच्या हाताला हात लावला, तिच्या डोळ्यांत बघितलं. मग बोलली.

"मिस, दार बंद."

रम्यानं मागून येऊन पोरीला छातीशी धरलं आणि खाली बसून रडली. पोरीनं मात्र मिसचा हात सोडला नव्हता. सकवारबाई आपल्याच थोबाडीत मारून घेत होती. शारदाबाईंनी तिला आवरलं, मग राजलक्ष्मीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यासमोर आल्या.

"तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. चटयांचं दार तुमच्या फळ्यापासून चार पावलांवर. तिनं एक हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आली नसती का? पोर गप्प बसली, त्याला कोण काय करणार?"

रम्यानंही डोळे पुसत मान हलवली. "आमची आहेच तशी, अक्का. स्वल्प हट्टी."

म्हणजे राजलक्ष्मी सुटली होती. गप्प राहायचं आणि डबे वाटायचे, एवढंच बाकी होतं. आजवरची सगळी भीती एका बाजूला आणि आपण गप्प राहिलो तर पोर हट्टी ठरेल, ही एक वेगळीच.

"नसती आली," ती म्हणाली. आपला आवाज मोठा निघाला की लहान, हे तिला कळत नव्हतं. "मॅडम, मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. हात लावल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी शिकवलं मुलांना. शिस्त म्हणून नाही. कुणाला कळू नये म्हणून. ती हट्टी नाही, रम्या. मी सांगितलं तेच करत बसली ती."

शारदाबाईंचा हात खांद्यावरून खाली गेला. त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, उद्यापासून वर्गात आणखी कुणी तरी, कमिटीला कळवावं लागेल, असं. अर्धं त्या सकवारबाईकडे वळून बोलल्या, ते राजलक्ष्मीला कळलं नाही.

रम्या उठली. पोरीची बोटं तिनं एकेक करून राजलक्ष्मीच्या हातातून सोडवली. ती रागावली असती तर राजलक्ष्मीला सोपं गेलं असतं. पण ती अगदी हळू बोलली.

"शाळेला यायला रडायची ही. मी रोज सांगून पाठवायची, भिऊ नको, काही झालं तर हाक मार, मिस आहेत."

राजलक्ष्मीला एरवी ओठांवरचं वाक्य दोनदा मागून घ्यावं लागे. हे पहिल्याच खेपेला सगळं समजलं.