बासनातला पडदा

विष्णूने लॅपटॉप पालथा घातला, पाठीमागच्या एकेका छिद्रापाशी व्हिडिओ गेमची पिवळी वायर नेऊन पाहिली आणि मान हलवली. दूधविनायकाच्या गल्लीत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. या घरातल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेल्याचं त्यानेच सांगितलं होतं. नवी कलकत्त्याहून कधी येईल, हे मात्र तो सांगत नव्हता.

“पंडितजी, इसमें से तस्वीर बाहर जाती है, अंदर नहीं आती.”

ढुंढिराजशास्त्र्यांना ते चटकन उमगलं नाही. पडदा तो पडदा, त्यावर हवं ते दिसेल, असं ते धरून चालले होते. ऋतुराजला, त्यांच्या मुलाला, कंपनीने नवा लॅपटॉप दिला तेव्हा हा जुना तो पुण्याहून घेऊन आला होता. शास्त्र्यांनी तो पोथीसारखा लाल बासनात बांधून फडताळात ठेवला. आज सकाळी गाठ सोडताना ते बायकोला, इंदूताईंना, म्हणाले होते, दुपारी तुझा खेळ सुरू होतो की नाही बघ. कुणाला विचारल्याशिवाय बोलायला नको होतं, असं आता त्यांना वाटलं.

विष्णूने वायर गुंडाळली.

“अम्माजी, तब तक पंडितजी को ही नचाइए,” म्हणत तो जिना उतरला.

इंदूताई हसल्या नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता, बोटं आत वळलेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बजावलं होतं की बोटं चालती ठेवा. आत्ता आखडली तर पुढे सुटायची नाहीत. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खाटेखाली टाकला होता. मग ऋतुराजचा कॉलेजातला खेळ सापडला. खड्ड्यांवरून उड्या मारत जाणारा एक ठेंगणा माणूस. त्याला उडवायचं लाल बटण उजव्या अंगठ्याखाली येई, आणि त्याच्या नादात अंगठा हलू लागला. टीव्ही बंद पडल्यापासून तो पुन्हा थंडावला होता. आज पाण्याचं भांडं त्यांच्या हातातून निसटलं होतं.

“जाऊ द्या हो,” इंदूताई म्हणाल्या. “बेकार में विष्णूला बोलावलंत. ठेवा ते बांधून. तुम्हीपण दमलात.”

शास्त्री दमलेच होते. त्यांनी बासन हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि बाजूला ठेवलं. मग खाटेवर तिच्याशेजारी बसून त्यांनी खेळाचं रिमोट तिच्या हातांत दिलं. तिचा अंगठा सरळ करून लाल बटणावर टेकवला.

“आणि बघू कशात?”

त्यांनी डोळे मिटले. रोज दुपारी शेजारच्या खोलीत ते आडवे होत, आणि या खेळाची टिंवटिंव त्यांना झोपू देत नसे. ते मनात चरफडत. वडिलांपाशी त्यांनी वेदाची संथा घेतली ती पुढ्यात पोथी नसताना. वडील म्हणत, ते ऐकून हे म्हणत. कानावर पडलेलं, नको असलं तरी, आत जाऊन बसायचं. तिथेच ही टिंवटिंवही जाऊन बसली होती. याची त्यांना लाज वाटे. ते कुणापाशी बोलले नव्हते.

“चाल,” ते म्हणाले. “अजून चाल. उडी.”

“डोकं ठीक आहे ना?”

“हुकली. उडी.”

अंगठा बटणावर रुतला. उशिरा, पण रुतला.

“चाल. उडी. थांब, वरून काहीतरी पडतं तिथे. आता चाल.”

उडीचा तो चढता आवाज ते मध्येच तोंडाने काढू लागले. आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन त्यांचे कान तापले, पण ते थांबले नाहीत. शेजारी प्लास्टिकचं बटण कुरकुरत होतं.

मग लागोपाठचे खड्डे आले. पहिली उडी जमली. दुसऱ्या उडीला अंगठा बटणावर थरथरला, दाबला गेला तेव्हा वेळ टळून गेली होती. यानंतर टीव्हीतून कोणता सूर येई, तो शास्त्र्यांना पाठ होता. त्यांनी तो काढला नाही.

“मेले ना मी?” इंदूताई म्हणाल्या.

शास्त्र्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मान डोलावली.

“मग बोला की तसं. आणि जरा सावकाश सांगा. चला, शुरू से.”

शास्त्र्यांनी घसा साफ केला.

“चाल,” ते म्हणाले.