गोठ्यातला कोळसा

ढेकूळ

पावसात पाय सोडत नाही, उन्हात पाय कापते. झाईला तात्यांच्या चिकूवाडीखाली अशा चिकणमातीचा एक तुकडा होता. गुजरात वेगळा झाला, झाई गाव इकडे महाराष्ट्रात राहिलं, त्या साली तात्यांनी ठरवलं: हा तुकडा तलासरीच्या चिमणला विटांसाठी द्यायचा.

"माती तो नेईल. खड्ड्यात म्हशी बसतील."

त्यांच्या सुनेला, नर्मदेला, तिथे वांगी हवी होती.

"मामंजी, एक वर्ष द्या."

"कुदळ शिरत नाही तिथे. वांगं कुठून शिरणार?"

"वांगं वरच लागतं."

तात्यांना हसू आलं, म्हणून वर्ष मिळालं. पुढच्या दिवाळीनंतर चिमण येणार.

धूर

वैशाखात सगळं गाव राब भाजतं. भाताची रोपं जिथे टाकायची तिथे पाला, गवत, काटक्या रचायच्या आणि पार राख होईपर्यंत जाळायच्या.

नर्मदेने आपल्या तुकड्यावर तुरीच्या काड्या रचल्या, तूस टाकला, चिकूच्या वाळक्या फांद्या टाकल्या.

पेटवलं.

जाळ बसतोय तोच ओल्या मातीने दाबून टाकलं.

"विझला गं तुझा राब," बांधावरून तात्या.

"विझवला."

"मग पेटवलास कशाला?"

माहेरच्या रानात कोळशाची एक मोडकी भट्टी होती. तिथली माती मुठीत राहायची नाही, सांडायची. हे सासऱ्यांना बांधावर कसं सांगायचं? तिने काळे तुकडे पाटीत भरले.

पिवळं

अर्धा कोळसा तिने गुडघाभर चरांत घातला. कोरडाच. वर पेंढा. पावसात वांगी लावली.

पान पिवळं. शेजारचं पिवळं. सगळी रांग हळद लागल्यासारखी.

उपाशी कोळशाने मातीतला होता नव्हता तेवढा कस आधी स्वतःच पिऊन घेतला होता.

उरलेला अर्धा गोठ्यात पडून होता. गाय त्यावर मुतत होती, आणि त्यातच भोपळ्याची एक बी रुजली होती. पान हिरवंगार, तळव्याएवढं. नर्मदा त्या पानासमोर बसून राहिली. मग उठून तिने चरांतला कोळसाही उपसून गायीच्या मागे नेऊन ओतला.

वास

"नर्मदावहिनी, काय मेलंय गो?" मासळीची टोपली उतरवत रंभाने विचारलं.

"कोळसा मुरतोय."

"माझे बोंबील लाजले. कोणी विचारलं तर सांगते, वास वहिनीकडचा."

"सांग. आणि दिवाळी आली की वांग्याला ये."

"तुझ्या वांग्याला हाच वास नसला म्हणजे झालं."

मुरलेला कोळसा, शेण, कुजका पेंढा. चर पुन्हा उकरले, पुन्हा भरले. नवी रोपं. यावेळी पानं हिरवी राहिली.

गोळा

दिवाळी झाली आणि चिमण आला. त्याने चार ठिकाणी खणलं. माती भिजवली, मळली, गोळा वळला आणि खांद्याएवढ्या उंचीवरून सोडला. चांगल्या मातीचा गोळा पडला की नुसता चेपतो.

हा फुटला. भाकरीच्या चुऱ्यासारखा.

दुसरा वळला. तो हातातच सुटला.

"तात्याशेठ, माती कोणी बिघडवली?"

तात्यांनी सुनेकडे पाहिलं. सून वांग्यांकडे पाहत होती.

"हिची वीट नाय व्हायची," चिमण म्हणाला. "हिला बांधूनच ठेवता येत नाय." त्याने हात धोतराला पुसले. जाता जाता रोपांशी थबकला. "वांगी मात्र झकास आहेत. चार नेऊ का, शेठ?"

तात्या वाडीकडे चालू लागले होते.

"तिला विचार," ते मागे न बघता म्हणाले.