शरणप्पांच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे आणि आता कुणाच्याच कामाचा उरलेलो नाही. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, तेव्हा तेर गावात गफारभाईंनी मला शिवलं. ते तट्टांचे साज बनवत. मीही तसाच एखाद्या तट्टाच्या पोटाखाली जायचो, पण माझ्या नशिबी शरणप्पांची कंबर होती.

शरणप्पा किराण्याचे व्यापारी. बाजाराच्या दिवशी पोती स्वतःच उचलून तट्टावर लादायचे. चार माणसांचं काम एकट्यानं करण्याची त्यांना भारी हौस, आणि ती हौस त्यांना भोवली. जांघेत लिंबाएवढी गाठ आली. तिला अंतर्गळ म्हणतात. आतडं फटीतून बाहेर डोकावतं, आडवं झालं की आत जातं. शरणप्पा लाजेनं वर्षभर गप्प राहिले. गफारभाईंनी मात्र त्यांची चाल बघूनच ओळखलं आणि गाठ आत दाबून धरायला नवारीची पट्टी, आत कापूस भरलेली घट्ट गादी, असा मला बेतला.

"तुमच्या गळ्यात लिंग हाय मालक, म्हणून कातडं लावलं न्हाय," असं सांगून त्यांनी मला शरणप्पांच्या हाती दिलं. मला ते बोलणं फार आवडलं.

तीन वर्षं मी इमानानं राबलो. इरम्मा, म्हणजे शरणप्पांची बायको, रोज पहाटे मला बांधून द्यायची. शरणप्पा म्हणायचे, हा पट्टा माझा पाठचा भाऊ हाय. ते ऐकून मी फुगायचो. पण गाठ लिंबाची पेरूएवढी झाली, तेव्हा धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं की पट्ट्यानं भागणार नाही, फाडून शिवावंच लागेल.

मग तयारी सुरू झाली. खोकल्यानं टाके तुटतात म्हणून शरणप्पांनी महिनाभर आधी विडी सोडली. पहिले आठ दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. ओझं उचलणं बंद केलं. अर्जनवीस बाबामियाँनी उर्दूत रजामंदीचा, म्हणजे संमतीचा कागद लिहिला आणि इरम्माला वाचून दाखवला. नवरा शस्त्रक्रियेच्या मेजावर दगावला तर दोष कुणाला देणार नाही, असं त्यात होतं. इरम्मानं डोळे मिटून अंगठा लावला. पाटलांचा दाखला झाला, एरंडेल झालं, न्हाव्यानं केस काढले. डॉक्टरांची शेवटची ताकीद होती की आदल्या संध्याकाळपासून पोटात काही जाता कामा नये.

शरणप्पा इरम्मासोबत धाराशिवला आले आणि रात्रभर धर्मशाळेत उपाशी राहिले. सकाळी विहिरीवर आंघोळ करून त्यांनी लिंगपूजा केली. रोजच्यासारखंच वाटीभर तीर्थ घेतलं, केळं आणि खोबरं प्रसाद म्हणून खाल्लं. चुकतंय असं त्या दोघांच्या मनालाही शिवलं नाही. मलाही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं का? शरणप्पा नाही म्हणाले. इरम्मा कौतुकानं म्हणाली, "नुस्ता लिंगाचा परसाद घेतलाय, साहेब. त्यो काय जेवण न्हवं."

डॉक्टरांनी हातातली सुरी खाली ठेवली. क्लोरोफॉर्ममध्ये उलटी झाली तर ती छातीत जाऊन माणूस गुदमरतो, असं त्यांनी समजावलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना फिरतीवर निघायचं होतं, म्हणून तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली की गाठ आत गेली तरच पट्टा बांधा, नाहीतर मुळीच नको. पण इरम्मा तेव्हा पदरानं डोळे पुसत होती. तिच्या कानावर फक्त तारीख पडली.

तारखेला आठ दिवस उरले होते. पहाटे शरणप्पा विव्हळत उठले. गाठ दगडासारखी टणक झाली होती, काही केल्या आत जाईना. इरम्मानं तिच्या जिवाला माहीत असलेला एकच उपाय केला. तिनं मला आवळून बांधलं, रोजच्याहून दोन बोटं जास्त.

मी दाबत राहिलो, मित्रांनो. मला दुसरं येत नव्हतं.

निजामाचं राज्य कोसळायच्या त्या साली वाटा धड नव्हत्या. दवाखान्याकडं निघालेली बैलगाडी शिपायांनी दोनदा नाक्यावर अडवली. तोच रजामंदीचा कागद दाखवून इरम्मानं वाट मोकळी करून घेतली. दवाखान्यात पोचेपर्यंत ऊन कललं. डॉक्टरांनी मला सोडलं. खालची कातडी काळीनिळी झाली होती. शरणप्पांना आता काही दुखत नव्हतं, आणि डॉक्टरांचा चेहरा त्यामुळंच उतरला; आवळलेलं आतडं मेलं की कळ थांबते.

"सुटू न्हाय म्हणून घट्ट बांधला, साहेब," इरम्मा म्हणाली. तो घट्ट पट्टाच भोवला, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं नाही. मेजावर घेण्याआधीच शरणप्पा गेले.

आता मी तिच्या पेटीत आहे. माझ्या घडीत तो कागद आहे, त्यावर तिचा निळा अंगठा. शरणप्पांचा पाठचा भाऊ म्हणून ती मला दरवर्षी ऊन दाखवते, कसर लागू देत नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. डॉक्टर काही सांगतील तेव्हा डोळे नंतर पुसा, आधी ऐका, आणि पोटात गेलेलं सगळं सांगा, प्रसादसुद्धा. आणि इरम्माला कुणी भेटलं तर एवढं करा, मला तिच्याकडून मागून घ्या आणि चुलीत घाला. पण का, ते तिला सांगू नका.