पिवळा खडू

आमच्या जावईबापूंना हल्ली समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून मान हलवायची खोड लागली आहे. दोन दिवसांचं शिबिर करून आले, तेव्हापासून. धंद्यात पुढे जायचं तर दुसऱ्याचं मन जाणता आलं पाहिजे, म्हणे. मी तिसरीत शाळा सोडली आणि तीस वर्षं शिवणखाना चालवला. मला कुणी असलं प्रमाणपत्र दिलं नाही.

पुढच्या महिन्यापासून शिवणखान्याच्या चाव्या त्यांना द्यायचं मी लेकीला कबूल करून बसले होते. म्हणून गप्प होते.

त्या दिवशी वॉचमनच्या गणवेशांची शेवटची खेप कापायची होती. गडद निळ्या कापडाचे पन्नास थर टेबलावर पसरलेले, कापलेले गठ्ठे बाहेर शिवायला न्यायला चार वाजता गाडी यायची. आणि यांनी सकाळीच सगळी मशीनं थांबवून सभा भरवली.

"मास्तरांनी काल मला विश्वासानं सांगितलं," जावईबापू गहिवरून म्हणाले, "की त्यांना हल्ली कमी दिसतं. आपण सगळ्यांनी त्यांना सांभाळून घ्यायचं."

दोघी-तिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मास्तर म्हणजे आमचे कापड कापणारे. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात घातली आणि दाराकडे वळले. सव्वीस वर्षांत ती टेप संध्याकाळच्या आधी कधी उतरली नव्हती. पन्नास थर एका दमात कापणारा दुसरा हात माझ्याकडे नव्हता.

मी दारात आडवी उभी राहिले. "कुठे निघालात?"

"बाई, वर्षापूर्वी माझं टेबल खिडकीखाली सरकवलंत. कपाट ठेवायचंय म्हणालात. ते कपाट अजून आलेलं नाही."

मी खिडकीकडे पाहिलं.

"मग खुणा करायची साबणाची चीप बंद करून हा जाड पिवळा खडू आणलात. दुकानात दुसरं काही नाही म्हणालात."

"दुकान साबणानं भरलं होतं," मी म्हटलं. सव्वीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाशी किती खोटं बोलायचं?

"म्हणजे वर्षभर कीव करत होतात माझी."

"कीव?" माझा आवाज चढला. "कीव आली असती तर घरी बसवून डबा पाठवला असता! मला तुमचा हात हवा होता. त्याला उजेड लागतो, तो दिला. वर्षात एक तरी बाही वाकडी गेली?"

"नाही."

"मग?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. "आता सगळे बघणार," ते हळूच म्हणाले. "ब्लेड जरा हललं की म्हणणार, डोळे गेले."

मी गर्रकन वळले. "टाळ्या वाजवून झाल्या असतील तर मशीनं सुरू करा! जो इकडे मान वळवील, त्याच्या मानेलाच बाही जोडीन!"

मशीनं धडधडू लागली. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे झाल्या. मास्तरांनी टेप गळ्यात घातली आणि कापायचं मशीन हातात घेतलं. मी दोन्ही हातांनी कापड दाबून धरलं. पहिलं वळण काखेचं. ब्लेड रेघेच्या सूतभर अलीकडे येऊन अडलं. तेवढ्यात जावईबापू पुढे सरकले, "मास्तर, काही मदत—"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. जावयाच्या पायावर. आणि काढला नाही.

ब्लेड वळलं. पिवळ्या रेघेवरून पुढे गेलं.

सव्वातीनला शेवटचा गठ्ठा बांधायला घेतला. मास्तरांनी सगळ्यात वरच्या थराची बाही तळाच्या थराच्या बाहीवर ठेवून कडेवरून अंगठा फिरवला, कडा जुळल्या, आणि ते हात धुवायला गेले.

जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं होतं. "आई, मी मनापासून बोललो होतो हो."

"बोललात ना, तीच तर चूक," मी म्हटलं. "माणसानं लपवलेलं दुखणं तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते दोरीवर वाळत घातलंत. आता माफी मागू नका. तीही सभा भरवून मागाल. उद्यापासून मास्तरांच्या टेबलावर कापड पसरायला उभे राहा, तोंड मिटून. त्यांना काय हवंय ते न विचारता कळायला लागलं की मला सांगा. नाही, तुम्ही सांगू नका, माझं मला दिसेल. तोवर चाव्या माझ्या कमरेला."