किटलीची आखणी

कलियुग संपलं. श्रावणातल्या एका गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, पेणमध्ये जितेशच्या गणपती कारखान्यात ते संपलं आणि सत्ययुग लागलं. सत्ययुगातली पहिली रोह्याची गाडी मात्र नेहमीसारखी उशिराच आली, आणि तिच्यातून चमत्कार बघायला उतरलेल्या मंडळींनी कारखान्याच्या दारात पहिलं काम केलं ते चपलांवरून भांडण्याचं.

चमत्कार असा होता, की मूर्तीचे डोळे रंगवून झाले की गणपती गायचा. खरं म्हणजे सनई वाजवायचा, पण देवाच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा कोण करतो? माळ्याखालच्या मूर्तींच्या रांगेतून एकदम सनईचा सूर उठायचा, कारखाना दणाणायचा, बायका पदर पसरायच्या आणि पुरुष मोबाइल वर धरायचे. मी स्वतः ऐकली. अंगावर काटा आला. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की काटा सगळ्यांच्याच अंगावर आला होता, त्यामुळे तो पुरावा म्हणून धरता येत नाही.

मूर्तीचे डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. रंगकामातलं ते शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. जितेशकडे ते वर्षानुवर्षं जनूकाका करायचे. त्यांना मोतीबिंदू झाला आणि यंदापासून कुंचला त्यांच्या सुनेच्या, वैशालीच्या हातात आला. पोरगी कासूची, बोलायला कमी, पण तिने काढलेल्या डोळ्यांसमोर उभं राहिलं तर आपण काल कोणाशी काय खोटं बोललो ते आठवतं.

पहिले काही दिवस लोक म्हणाले, काय हात आहे पोरीचा, देव गायला लागला. मग रोह्याजवळच्या वरशाहून स्वरानंद महाराज आले आणि त्यांनी हा गैरसमज दूर केला.

महाराजांचं म्हणणं, हे गाणं नव्हे, हा आक्रोश आहे. नादब्रह्म जेव्हा दुखावतं तेव्हा ते सुषुम्नेतून न येता माळ्यावरून येतं. स्त्रीच्या हातून नेत्र उघडल्यामुळे देवाला पीडा होते आहे. उपाय सोपा. वैशालीने कुंचला खाली ठेवावा, आखणी महाराजांचा शिष्य साईराज याने करावी, आणि जी मूर्ती सर्वांत आधी रडली ती शांतीसाठी वरशाच्या मठात यावी. ती मूर्ती कारखान्यातली सगळ्यात मोठी होती, हा योगायोग.

लोकांनी पुरावा मागितला नव्हता, तरी महाराजांनी दिला. वैशालीला एका मूर्तीचे डोळे काढायला लावले. सगळ्यांना डोळे मिटून नामजप करायला सांगितला. जप रंगात आला आणि सनई कडाडली. मग साईराजला दुसऱ्या मूर्तीपुढे बसवलं. महाराज म्हणाले, या शुद्ध नेत्रांना विजेचा प्रकाश नको, समई लावा. पुन्हा जप. देव गप्प.

गर्दीने सुस्कारा सोडला. कासूहून आलेल्या रंभाबाईंनी वैशालीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ गो. देवाशी कशाला वाद?" जितेशने खाली मान घालून वैशालीला सुचवलं, की यंदा घरी बसावं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू याचा अर्थ कोकणात सगळ्यांना कळतो. वैशालीने कुंचला धुतला, फडक्यात गुंडाळला. "मी काय वाईट नाय केलं, दादा," एवढंच म्हणाली.

या वेळी मागून आवाज आला, "साईराजच्या वेळी मेन स्विच का नाही लावला?"

हा आवाज मला चांगला परिचित आहे. त्या आवाजासोबत माझा संसार झाला आहे. मालती, म्हणजे आमचं कुटुंब, पेणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. जितेश तिचाच विद्यार्थी. आम्ही आमच्या घरच्या गणपतीची आखणी बघायला गेलो होतो.

मालतीने काय पाहिलं होतं ते सांगतो. आखणी दारातल्या उजेडात करतात. त्या वेळी पंखा चालत नाही, कारण वाऱ्याने कुंचल्याचं टोक हलतं आणि धूळ ओल्या रंगावर बसते. जितेशच्या कारखान्यात पंख्याचं बटण कधीतरी जळालं आणि पंखा थेट जोडला गेला. तेव्हापासून पंखा बंद करायचा म्हणजे मेनच पाडायचा. डोळे झाले की मेन वर. वैशालीच्या वेळी मेन वर गेला होता. साईराजच्या वेळी समई होती, मेन पडलेलाच राहिला.

महाराज हसले. "माताजी, विजेला देव कळत नाही."

"मला तेच म्हणायचंय," मालती म्हणाली. "जितेश, चहाची किटली आण."

किटली आली. मालतीने ती पाटावर ठेवली आणि वैशालीला म्हणाली, "हिला डोळे काढ." वैशालीने जितेशकडे पाहिलं, जनूकाकांकडे पाहिलं. जनूकाका मोतीबिंदूतून जेवढं दिसेल तेवढं हसत होते. मेन पडला. पोरीने किटलीला असे डोळे काढले की आत चहा आहे हे सांगायला लाज वाटावी. मेन वर गेला. मालतीने जप सांगितला नाही. ती नुसती हाताची घडी घालून उभी राहिली. जपाशिवाय तो वेळ फार लांब वाटला, आणि गर्दीतले काही जण महाराजांकडे विजयाने बघायला लागले.

मग किटलीने सनई वाजवली.

रंभाबाईंनी सवयीने किटलीला हात जोडले आणि घाईघाईने सोडले.

मालतीने जितेशला माळ्यावर चढवलं. जुन्या साच्यांच्या मागे धुळीत एक स्पीकर आणि त्याला जोडलेली साबणाएवढी डबी निघाली. जितेश म्हणाला, ही तर ऋत्विकने गुढीपाडव्याला बसवली होती, पण ती कधी वाजलीच नाही. ऋत्विक त्याचा भाचा, पुण्यात कंपनीत असतो. त्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

ऋत्विकने सांगितलं, की तो छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्यात गाणी पुरवणारा प्रोग्रॅम मागे बसून चालतो, त्याला म्युझिक सर्व्हर म्हणतात. कामगारांना फोनवरून हवी ती गाणी लावता यावीत म्हणून बसवला होता. चाचणीपुरती एक सनई घातली आणि सुट्टी संपली.

"पण तू त्यात केलंस काय?" जितेशने विचारलं.

"काहीच नाही मामा. सगळं डिफॉल्टवर ठेवलंय."

डिफॉल्ट म्हणजे आपण काही सांगितलं नाही तर यंत्राने काय करावं, ते आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं. या डबीत ठरलेलं होतं ते असं, की वीज आली की थोड्या वेळाने स्वतःच जागं व्हायचं, पहिलं गाणं लावायचं, आवाज पूर्ण सोडायचा, आणि गाणं संपलं की गप्प बसायचं. एरवी वीज जाऊन आली की रंगाचा कॉम्प्रेसर घरघरायला लागायचा आणि सनई त्यात बुडायची. आखणीनंतर मात्र डोळे ओले असतात, म्हणून कॉम्प्रेसर लावत नाहीत, कोणी मोठ्याने बोलतही नाही. महाराजांचा जप डबीला जागं व्हायला लागेल तेवढाच लांब होता.

"आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मंडपाचे स्पीकर तुम्हीच भाड्याने द्यायचात ना, रोह्याहून?" मालतीने महाराजांना विचारलं. महाराज एकदम उठले. त्यांना रोह्याची गाडी पकडायची होती. तीसुद्धा उशिरा असणार हे माहीत असूनही ते धावले. साईराज चपला शोधत मागे राहिला.

यंदा त्या कारखान्यात दोन गोष्टी नव्या होत्या, माळ्यावरची डबी आणि वैशालीचा हात. इतक्या माणसांनी इतके दिवस सनई ऐकली, आणि सगळ्यांनी दोष हाताला दिला, डबी कोणी पाहिली नाही. डबीचं सोडा, ती ऋत्विकने फोनवरूनच दुरुस्त केली. वीज आल्यावर गप्प राहायचं, सांगितल्याशिवाय वाजायचं नाही. पण काही विपरीत घडलं की आधी बाईकडे बोट दाखवायचं, हे आपल्या डोक्यात कोणी भरून ठेवलंय? आपण तर नाही भरलं. आधीपासून होतं, कोणी बदललं नाही, म्हणून चाललंय. बदलता येतं. त्यासाठी एकदा माळ्यावर चढावं लागतं, आणि तिथे धूळ असते.

हे सगळं मी जमलेल्यांना सांगणार होतो, पण गर्दी पांगली होती. जितेशने वैशालीपुढे हात जोडले, चुकलं म्हणाला, हवं ते माग म्हणाला. सत्ययुग असतं तर तिने काही भव्य मागितलं असतं.

वैशालीने फडक्यातून कुंचला सोडवला आणि आमच्या गणपतीसमोर मांडी घातली.

"दादा," ती म्हणाली, "पंख्याला तेवढं वेगळं बटन लावून द्या."